फँटसी कादंबरीचं मुखपृष्ठ आणि आतली चित्रं: हस्तलिखितापासून छपाईपर्यंतचा क्रम

फँटसी पुस्तकांसाठी काढलेली कितीतरी चित्रं सुटी पाहिली तर देखणी असतात आणि पुस्तकात गेली की फसतात. नायिकेचं कपाळ शीर्षकाखाली जातं. ड्रॅगनची मान नेमकी पुस्तकाच्या कण्यावर दुमडते. पडद्यावर लखलखणारा जादूचा निळा प्रकाश छापून आल्यावर मळकट दिसतो. चौथ्या प्रकरणात मोडलेली तलवार नवव्या प्रकरणाच्या चित्रात पुन्हा अखंड असते. यातली एकही चूक हात कच्चा असल्यामुळे होत नाही. रंगकामाआधी ठरवायच्या गोष्टी रंगकाम उरकल्यावर ठरवायला घेतल्या, की त्या होतात. म्हणून या लेखात ब्रश कुठला आणि सॉफ्टवेअर कुठलं यापेक्षा कशानंतर काय करायचं यावर भर आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कादंबरी धरू. मिठाच्या खाणींवर वसलेलं शहर आहे. तिथे नकाशे काढणारी एक तरुण मुलगी राहते आणि तिचा उजवा हात बोटांच्या टोकांपासून हळूहळू दगडाचा होत चालला आहे. पुढची बहुतेक उदाहरणं याच पुस्तकातली आहेत.

## टप्पा १: होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

काम स्वीकारताना आपण मानधन आणि तारीख विचारतो आणि तिथेच थांबतो. त्याआधी पुढच्या गोष्टी लेखी मागा:

- पुस्तकाचा आकार, अंदाजे पृष्ठसंख्या, आतला कागद, बांधणी साधी की पक्की, फ्लॅप (मुखपृष्ठाच्या आत दुमडलेल्या कडा) आहेत की नाहीत
- आतली चित्रं किती, पूर्ण पानाची किती, प्रकरणाच्या माथ्यावरची किती, रंगीत की काळी-पांढरी
- नकाशा हवा आहे का, आणि त्यावरची नावं कोण लिहिणार
- ई-बुक आणि ऑडिओबुकसाठी वेगळे आकार लागणार आहेत का
- चित्राला अंतिम मान्यता देणारी एक व्यक्ती कोण

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लेखक, संपादक आणि विक्री विभाग असे तिघे वेगवेगळ्या दिवशी तीन वेगळ्या सूचना पाठवू लागले, की चित्र कुणाचंच राहत नाही. सूचना कितीही जणांच्या असोत, तुमच्यापर्यंत त्या एकाच माणसाकडून आणि एकत्र आल्या पाहिजेत.

करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. पहिली, स्वामित्वहक्क तुमच्याकडे राहून प्रकाशकाला फक्त वापराची परवानगी मिळते आहे, की हक्कच हस्तांतरित होत आहेत. दुसरी, वापर कुठवर: छापील आवृत्ती, ई-बुक, अनुवाद, पोस्टर, टी-शर्ट. तिसरी, कच्च्या रेखाटनात किती फेऱ्या बदल आणि रंगकामानंतर किती. चौथी, काम अर्ध्यावर रद्द झालं तर तोवरचं मानधन किती. हाताने रंगवत असाल तर मूळ चित्र तुमच्याकडेच राहील, हेही लिहून घ्या.

इशारा: "आधी चित्र काढा, आकाराचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर थंबनेलच्या (काडेपेटीएवढ्या कच्च्या चित्रांच्या) पुढे जाऊ नका. आकार बदलला की चित्राची रचनाच बदलते, नुसत्या कडा कापून भागत नाही.

## टप्पा २: हस्तलिखित दोन वेळा, दोन वेगळ्या कामांसाठी वाचणं

पहिल्या वाचनात पेन्सिल बाजूला ठेवा. वाचकासारखं वाचा आणि पुस्तकाचा स्वभाव ओळखा. गोष्ट भीतीची आहे, प्रवासाची आहे, की एका माणसाच्या एकटेपणाची? मुखपृष्ठ रंगवायचं आहे ते याच स्वभावाचं. सारांशावरून मुखपृष्ठ करणाऱ्यांची चूक इथेच होते: सारांशात घटना असतात, स्वभाव नसतो. आपल्या उदाहरणातल्या पुस्तकाचा सारांश वाचला तर डोळ्यांसमोर लढाई येते. पूर्ण पुस्तक वाचल्यावर कळतं, की लढाई आहे ती आपला हात आपल्याच ताब्यात नाही याच्याशी.

दुसऱ्या वाचनात खुणा करा. मी चार रंग वापरते: एक माणसांच्या वर्णनासाठी, एक जागांसाठी, एक वस्तू आणि प्राण्यांसाठी, एक प्रकाश आणि हवामानासाठी. चौथा रंग बहुतेकजण वगळतात आणि मग पुस्तकात धुकं असलेल्या सकाळचं चित्र कडक उन्हात निघतं.

## टप्पा ३: सातत्याचा तक्ता

खुणा केलेल्या मजकुरातून एक तक्ता बनवा. आडव्या ओळीत प्रकरणं, उभ्या रकान्यात पात्रं आणि महत्त्वाच्या वस्तू. प्रत्येक चौकटीत त्या प्रकरणात ती गोष्ट कशी दिसते ते थोडक्यात लिहा आणि पृष्ठक्रमांक टाका.

आपल्या नायिकेची ओळ अशी दिसेल: प्रकरण ३, उजव्या हाताची बोटं दगडाची, पेन्सिल धरता येत नाही. प्रकरण ९, कोपरापर्यंत दगड, हात गळ्यात बांधलेला. प्रकरण १२, केस कापले. प्रकरण १७, खांद्यापर्यंत दगड. आता मुखपृष्ठावर ती कुठल्या अवस्थेत दिसणार, हा प्रश्न आपोआप समोर येतो. खांद्यापर्यंत दगड दाखवला तर कथेतलं रहस्य फुटतं, बोटांपुरता दाखवला तर लहान आकारात कुणाला दिसणारच नाही. म्हणजे कोपरापर्यंत, आणि त्यामुळे केस लांब. हा निर्णय रंग लावण्याआधी झाला पाहिजे.

मजकुरात जे नाहीच त्याची वेगळी यादी करा: डोळ्यांचा रंग, चपला की बूट, कंदिलाला काच आहे की जाळी. ही यादी लेखकाला एकदाच पाठवा आणि उत्तरं तक्त्यात भरा. मजकुरातच दोन ठिकाणी दोन वेगळी वर्णनं सापडली तर तीही कळवा. चित्रकाराइतकं बारकाईने वर्णन क्वचितच कुणी वाचतं, त्यामुळे अशा विसंगती आपल्यालाच सापडतात आणि संपादक त्याबद्दल मनापासून आभार मानतात.

तपासा: डावा-उजवा लिहिला आहे का? रचना सुधारण्यासाठी चित्र आडवं उलटवून पाहायची आपल्याला सवय असते, आणि ती चांगलीच सवय आहे. पण उलटवलेलंच बरं दिसलं म्हणून तसंच ठेवलं, की दगडाचा हात डावा होतो, तलवारीची म्यान दुसऱ्या कमरेला जाते आणि गालावरचा व्रण बाजू बदलतो.

## टप्पा ४: मोजमाप आणि कोरी चौकट

मुखपृष्ठ म्हणजे पुढची बाजू, कणा आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग कागद. १४० × २१६ मिलिमीटरचं, ३२० पृष्ठांचं, साध्या बांधणीचं पुस्तक घेऊ. ३२० पृष्ठं म्हणजे १६० पानं. एका पानाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर कणा १६ मिलिमीटर. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत निघून जाणारी जादा कड. मग रुंदी ३ + १४० + १६ + १४० + ३, म्हणजे ३०२ मिलिमीटर, आणि उंची २१६ + ६, म्हणजे २२२ मिलिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ही फाईल साधारण ३५६७ × २६२२ पिक्सेल भरते.

फाईल यापेक्षा मोठीच उघडा, कारण कणा बदलतोच. शेवटच्या संपादनात वीस पृष्ठं वाढतात किंवा कागद बदलतो, आणि १६ मिलिमीटरचे १७-१८ होतात. म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंना असं चित्र ठेवा जे थोडं सरकलं तरी बिघडणार नाही: आकाश, धुकं, भिंत, झाडी. चेहरा, हात, शस्त्राचं टोक यातलं काहीही कण्याच्या कडेपासून १० मिलिमीटरच्या आत नको.

पक्क्या बांधणीत कागद पुठ्ठ्यावर दुमडला जातो, त्यामुळे ३ मिलिमीटर पुरत नाहीत. छापखान्याकडून त्यांचा आराखडा मागवा आणि त्यावरच काम करा.

चौकटीत आता राखीव जागा आखा. शीर्षक, लेखकाचं नाव, मलपृष्ठावरचा मजकूर आणि बारकोड. पुस्तकाच्या बारकोडचा पूर्ण आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर असतो. भोवती मोकळी जागा धरून साधारण ५० × ३० मिलिमीटर सोडा आणि तिथे तपशील रंगवण्यात वेळ घालवू नका.

देवनागरी शीर्षकाबद्दल वेगळं सांगायला हवं. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार जातात, खाली उकार लटकतात. रोमन अक्षरांच्या अंदाजाने सोडलेली पट्टी त्यामुळे अपुरी पडते आणि मग अक्षरं लहान करावी लागतात. शीर्षक ठरलेलं असेल तर ते त्याच आकारात चौकटीवर टाका. ठरलेलं नसेल तर एखादा ओकार-उकारांनी भरलेला लांबसा शब्द टाकून जागा मोजा. शीर्षकामागची पार्श्वभूमी शांत हवी. पानांच्या गर्दीवर कुठलंही अक्षर वाचता येत नाही, कितीही सावली दिली तरी.

## टप्पा ५: थंबनेल

हा टप्पा घाईत उरकला जातो, आणि माझ्या मते मुखपृष्ठाचं यश ऐंशी टक्के इथेच ठरतं. काडेपेटीएवढ्या चौकटी आखा आणि प्रत्येकीत फक्त तीन छटा वापरा: गडद, मधली, उजळ. रेषा नको, तपशील नको, चेहऱ्यावरचे भाव नकोत. निदान पंधरा-वीस काढा. पहिल्या पाच-सहा नेहमी आधी पाहिलेल्या मुखपृष्ठांच्याच असतात: डगला घातलेली पाठमोरी आकृती, कड्यावर उभा माणूस, खाली दरी. त्या काढून टाकल्या की स्वतःचं सुचायला लागतं.

आपल्या पुस्तकाचे तीन विचार मांडून पाहू.

पहिला: मिठाच्या पांढऱ्या खाणीत नायिका कंदील घेऊन उभी. वातावरण छान आहे, पण आकृती इतकी लहान की हात दिसतच नाही. दुसरा: लढाईचं दृश्य, दहा माणसं. लहान आकारात नुसता राखाडी गोळा. तिसरा: नायिका जवळून, कमरेपर्यंत. दगडाचा हात तिने कंदिलासमोर धरला आहे आणि डाव्या हाताची बोटं ती त्यावरून फिरवते आहे, नकाशा वाचावा तशी. मागे खाणीच्या भिंतीची उजळ मोकळी जागा, म्हणजे शीर्षकाची सोय. कथा काय आहे ते एका नजरेत कळतं आणि पुढे काय होतं ते कळत नाही. तिसरा निवडायचा.

मुखपृष्ठासाठी कथेतला प्रसंग जसाच्या तसा असलाच पाहिजे असं नाही. हा तिसरा क्षण पुस्तकात नसेलही. पुस्तकाच्या स्वभावाशी आणि तक्त्याशी तो जुळला की पुरे. आतल्या चित्रांना मात्र ही मोकळीक नसते. ती मजकुराला बांधलेली असतात.

तपासा: निवडलेली चौकट अंगठ्याच्या नखाएवढी करून फोनवर पाहा. बहुतेक वाचक पुस्तक पहिल्यांदा याच आकारात पाहणार आहेत. आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी ओळखू येत नसेल तर रंगाने ते सुधारणार नाही, छटांची मांडणी बदला.

संपादकाकडे तीन थंबनेल पाठवा, वीस नाही. आणि जी स्वतःला रंगवायची नाही ती तीनात घालू नका. हमखास तीच निवडली जाते.

## टप्पा ६: संदर्भ, आणि नसलेल्या गोष्टींची रचना

फँटसी म्हणजे मनाला येईल ते, असा समज चित्र पोकळ करतो. नसलेला प्राणी खरा वाटतो तो त्याचा सांगाडा आणि वजन खरं असल्यामुळे. ड्रॅगनला पंख लावताना आधी ठरवा, वटवाघळाचा पंख की पक्ष्याचा. वटवाघळाचा पडदा लांबलेल्या बोटांच्या हाडांवर ताणलेला असतो, म्हणून त्याच्या घड्या बोटांपासून निघतात. पक्ष्याच्या पंखात बोटं आखडलेली असतात आणि पसारा पिसांचा असतो. दोन्हीकडे पंख हलवणारे मोठे स्नायू छातीवर असतात. म्हणून पाठीला नुसते चिकटवलेले पंख आणि सपाट छाती दिसली, की कारण सांगता आलं नाही तरी वाचकाला ते खोटं वाटतं.

आता दगडाचा हात. राखाडी रंग देऊन चार भेगा काढल्या की झालं, असं नाही. तीन गोष्टी ठरवाव्या लागतात.

वजन: दगडाचा हात जड आहे, म्हणून त्या बाजूचा खांदा खाली ओढला जाईल, मान दुसरीकडे कलेल, कोपराला आधार लागेल. स्वतः वजनदार पिशवी धरून आरशासमोर उभं राहा आणि फोटो काढा.

सीमा: कातडी संपून दगड सुरू होतो तिथे काय होतं? मी कातडी ताणलेली आणि किंचित लालसर ठेवीन. दगडाची कड सरळ रेषेत न जाता कोपराच्या घड्यांमध्ये आधी शिरलेली असेल.

प्रकाश: जिवंत बोटांमागे दिवा धरला तर कडा लालसर उजळतात, कारण थोडा प्रकाश मांसातून आरपार येतो. दगडातून तो येत नाही. कंदिलासमोर डाव्या हाताची बोटं कडेला पेटल्यासारखी आणि उजवा हात ठार काळा, एवढ्या एका फरकाने जे कळतं ते पन्नास भेगांनी कळत नाही.

संदर्भाचे फोटो शक्यतो स्वतः काढा. दुसऱ्याचा फोटो पाहून कापडाची घडी कशी पडते ते समजून घेणं वेगळं आणि त्याची रचना उचलणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला परवानगी लागते. एआयने बनवलेल्या प्रतिमा कामात कुठेही वापरणार असाल तर प्रकाशकाला आधी सांगा, कारण अनेक करारांत त्याबद्दल स्पष्ट कलम असतं.

## टप्पा ७: रेखाटन, छटा, रंग, याच क्रमाने

आधी पूर्ण आकारात स्वच्छ रेखाटन, त्यावर शीर्षकाची अक्षरं ठेवून. हे संपादकाला पाठवा आणि लेखी मान्यता घ्या. मान्यतेशिवाय पुढे जाऊ नका. रेखाटनात हाताची जागा बदलायला काही मिनिटं लागतात, रंगवल्यावर काही दिवस.

मग काळ्या-पांढऱ्या छटांमध्ये पूर्ण चित्र. मुख्य प्रकाश कुठला, हा प्रश्न इथे सुटतो. फँटसीत चंद्र, मशाल, मंत्र आणि चमकणारी तलवार असे चार प्रकाश एकाच चित्रात येतात आणि चारही सारख्या जोराचे असले की एकही प्रकाश वाटत नाही. एक राजा ठरवा, बाकीच्यांना मान खाली घालायला लावा. जादूचा प्रकाश जवळच्या वस्तूवरच जोरात पडतो आणि अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्शावर येतो. चेहरा उजळला म्हणून मागची भिंतही तेवढीच उजळत नाही.

त्यानंतर रंगाचे तीन-चार छोटे नमुने, आणि इथे छपाईचा विचार आलाच पाहिजे. पडद्यावरचे चमकते निळे-हिरवे, निऑन जांभळे, झळाळते नारिंगी रंग चार शाईंच्या छपाईत येत नाहीत. जादूच्या प्रकाशासाठी नेमके तेच वापरले जातात. सुरुवातीपासूनच छापखान्याचं सीएमवायके (याच चार शाईंचं) प्रोफाईल लावून चित्र पाहत जा. आणि झळाळी हवी असेल तर रंग भडक करण्याऐवजी भोवतालचा भाग गडद आणि मंद रंगाचा करा. मधोमध जवळजवळ पांढरा, कडेला रंग, बाहेर मंद अंधार: कागदावर चमक अशीच येते.

अंधाऱ्या चित्रांना आणखी एक धोका असतो. एकाच जागी चारही शाईंच्या टक्केवारीची बेरीज साधारण ३०० च्या वर गेली तर शाई नीट वाळत नाही आणि सावलीतले तपशील बुजतात. नेमकी मर्यादा कागदावर ठरते, ती छापखान्याला विचारा. मॅट लॅमिनेशन (वरून बिनचमकीचा पातळ थर) होणार असेल तर सावल्या एक पायरी उजळ ठेवा, कारण त्याने चित्रातला उठाव थोडा कमी होतो.

## टप्पा ८: अंतिम रंगकाम

सगळं आधी ठरलं असेल तर हा टप्पा शांतपणे होतो. तपशील नजर जिथे जायला हवी तिथेच: आपल्या चित्रात दोन हात आणि चेहरा. बाकीचं मोकळं ठेवा. चिलखताची प्रत्येक कडी रंगवायचा मोह होतो आणि त्यात मुखपृष्ठाचा केंद्रबिंदू हरवतो.

आकृती, पार्श्वभूमी आणि पुढचे घटक वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे फाईलमधल्या सुट्या थरांवर ठेवा. मांडणीकाराला शीर्षक आकृतीच्या मागे सरकवायचं असेल, किंवा ऑडिओबुकसाठी चौरस आकार हवा असेल, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. शीर्षकाची अक्षरं चित्रात कधीही एकजीव करू नका.

सोनेरी फॉईल किंवा चमकदार वार्निश असेल तर तो भाग वेगळ्या लेयरवर, सपाट १०० टक्के काळ्यात द्या. छपाईत हा थर किंचित सरकू शकतो, त्यामुळे तलवारीच्या केसाएवढ्या धारेला फॉईल नको. रुंद, सुटे आकार निवडा.

## टप्पा ९: आतली चित्रं

मुखपृष्ठ चांगलं जमलेले चित्रकार इथे घसरतात, कारण मुखपृष्ठाचीच पद्धत आत वापरतात. आतला कागद शाई पितो. पडद्यावरचा ५० टक्के करडा अशा कागदावर ७० टक्क्यांसारखा दिसू शकतो. रंगीत चित्र नुसतं काळं-पांढरं करून दिलं की छापून येतो तो चिखल.

प्रसंगाची निवड. लेखकाने तीन परिच्छेद ज्याचं वर्णन केलं आहे तोच क्षण काढू नका. ते वाचकाने पाहिलेलं असतं. त्याच्या किंचित आधीचा किंवा नंतरचा क्षण घ्या. खाण कोसळते त्याऐवजी छतावरून मिठाचा पहिला कण नायिकेच्या बाहीवर पडतो तो क्षण. आणि चित्र कुठल्या पानावर येणार ते मांडणीकाराला आधीच विचारा. मृत्यूचं चित्र उजव्या पानावर आणि त्याचा मजकूर पान उलटल्यावर, असं झालं तर लेखकाची सगळी मेहनत वाया जाते.

तंत्र ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. शुद्ध काळ्या रेषेची चित्रं १२०० डीपीआयला, करड्या छटांची ३०० ला. रेषा छापील आकारात ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक नको. काळ्यावर पांढरी रेषा असेल तर त्याच्या दुप्पट, कारण शाई पसरून ती बुजते. कागदावर दीडपट मोठं काढत असाल तर छापताना रेषा दोन-तृतीयांश होते: ०.३ मिलिमीटरच्या पेनाची रेषा ०.२ ची. म्हणून पहिलं चित्र पूर्ण करण्याआधी त्याचा एक तुकडा छापील आकारात, पुस्तकाच्याच प्रकारच्या कागदावर छापून पाहा. छटा ५ टक्क्यांच्या खाली आणि ९० टक्क्यांच्या वर नेऊ नका. पहिल्या उडतात, दुसऱ्या ठार काळ्या होतात.

क्रम. सगळ्या चित्रांची रेखाटनं आधी, मान्यता एकत्र, मग सगळ्यांची शाई. एकेक चित्र पूर्ण करत गेलात तर पहिल्या आणि शेवटच्या चित्रात नायिकेचं नाक बदललेलं असतं. प्रकरणांच्या माथ्यावरची छोटी चित्रं एकाच बैठकीत करा, म्हणजे रेषेचं वजन सारखं राहतं.

इशारा: दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मधला भाग बांधणीत जातो. दोन्हीकडे निदान १२ ते १५ मिलिमीटर पट्ट्यात चेहरा, हात किंवा अक्षर नको. जाड पुस्तकात आणखी सोडा.

रेखाटनं संपली की प्रत्येक चित्र सातत्याच्या तक्त्याशी ताडून पाहा. हे स्वतः करू नका, पुस्तक वाचलेल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवा. आपण काढलेली चूक आपल्याला दिसत नाही.

## टप्पा १०: नकाशा

नकाशा सजावट म्हणून काढला तर वाचक तासाभरात चुका दाखवतात. मजकुरातून प्रत्येक प्रवास वेगळा लिहून काढा: कुठून, कुठे, किती दिवस, कसं. पायी माणूस रस्त्याने दिवसाला साधारण २५ ते ३० किलोमीटर चालतो. खाणीच्या शहरातून बंदर चार दिवसांवर असेल तर अंतर १०० ते १२० किलोमीटर, आणि त्यातून नकाशाचं प्रमाण निघतं. मग बाकीची गावं त्याच प्रमाणात बसतात का पाहा. बसली नाहीत तर लेखकाला कळवा. मजकुरात एक शब्द बदलणं सोपं असतं.

नद्या उंचावरून उताराकडे जातात आणि वाटेत एकमेकींना मिळतात. मध्येच फाटून दोन समुद्रांना मिळणारी नदी काढू नका. फाटे फुटतात ते मुखाजवळच्या सपाट प्रदेशात. उंच डोंगररांगेची वाऱ्याकडची बाजू हिरवी आणि पलीकडची कोरडी असते, त्यामुळे वाळवंट कुठेही टाकता येत नाही. जादूने घडलेला अपवाद असेल तर तो मजकुरात असला पाहिजे.

नावांची अंतिम यादी संपादकाकडून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासह. नावं वेगळ्या लेयरवर ठेवा, म्हणजे अनुवादाच्या वेळी चित्राला हात लावावा लागत नाही. छापील आकारात ७ पॉइंटपेक्षा लहान देवनागरी ठेवू नका. जोडाक्षरं भरून जातात.

## टप्पा ११: फाईल आणि प्रूफ

द्यायचं काय: लेयरसकट मूळ फाईल, सीएमवायकेमधली सपाट (सगळे लेयर एकत्र केलेली) टिफ फाईल, आणि ई-बुकसाठी आरजीबीमध्ये (पडद्याच्या रंगांत) १६०० × २५६० पिक्सेलची वेगळी प्रत. ऑडिओबुकचं मुखपृष्ठ चौरस असतं, आणि पुष्कळ ठिकाणी निदान २४०० × २४०० पिक्सेल मागतात. पुढच्या बाजूचं चित्र नुसतं कापून चौरस करू नका. लेयर सरकवून रचना पुन्हा बसवा. फाईलच्या नावात पुस्तक, भाग आणि आवृत्तीक्रमांक असू द्या. "अंतिम", "अंतिम-नवीन", "खरंच-अंतिम" अशा नावांमुळे चुकीची फाईल छापायला जाते.

छापील प्रूफ, म्हणजे तपासणीसाठीची नमुनाप्रत, मागाच. पीडीएफवर रंग कळत नाही आणि कणा तर मुळीच कळत नाही. प्रूफ दिवसाच्या उजेडात पाहा, पिवळ्या दिव्याखाली नाही. पाहण्याचा क्रम असा:

१. मुखपृष्ठ घडी घालून, खऱ्या पुस्तकावर गुंडाळून: कणा जागेवर आहे का?
२. हातभर अंतरावरून: शीर्षक आणि मुख्य आकृती वेगळी दिसते का?
३. जवळून: सावल्या बुजल्यात का, चेहऱ्याचा रंग लाल किंवा हिरव्याकडे झुकलाय का?
४. आतली चित्रं: योग्य पानावर, सरळ, न उलटवलेली आहेत का? शेजारचा मजकूर वाचून खात्री करा.
५. श्रेयनामावलीत तुमचं नाव आणि त्याचं लेखन.

दुरुस्त्या एकाच यादीत, पृष्ठक्रमांकासह पाठवा. "थोडं उजळ करा" असं लिहू नका. "पृष्ठ ८७, डावा खालचा कोपरा, सावली साधारण १० टक्के उजळ" असं लिहा.

छपाईला गेल्यावर तक्ता, रेखाटनं, पात्रांचे संदर्भ आणि वापरलेले रंग एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती करा. फँटसी पुस्तकांचे पुढचे भाग येतात, आणि दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर कुणीतरी विचारतंच, कंदिलाला काच होती की जाळी.